एकादशी धरणारी गाडी

आंबेघळ गावात अठरा भोकांचं गोल्फचं मैदान आहे आणि गोल्फ खेळता येणारा एकही माणूस नाही. त्याचं असं झालं, की फार वर्षांपूर्वी एक कंपनी आली. तिने डोंगराच्या उतारावर मऊ गवत लावलं, भोकं पाडली, झेंडे रोवले आणि खेळणारे येतील म्हणून वाट बघत बसली. खेळणारे आले नाहीत. शेवटी कंपनी कंटाळून निघून गेली आणि जाताना गवत, भोकं आणि बॅटरीवर चालणाऱ्या चार उघड्या गाड्या गावाला देऊन गेली. भोकांत आता मुलं गोट्या खेळतात. गवत शेळ्यांना पसंत पडलं. गाड्या मात्र सगळ्यांच्याच कामी आल्या. दळण आणायचं, दवाखान्यात जायचं, झालंच तर नवरदेव मिरवायचा. धूर नाही, आवाज नाही. नवरदेव दारात येऊन उभा राहिला तरी मुलीकडच्यांना पत्ता लागत नसे, एवढीच काय ती तक्रार.

त्यातल्याच एका गाडीत, द्वादशीच्या सकाळी, यामिनी आणि तिचे आजोबा गरुडटोकाच्या चढावर अर्ध्यात अडकून बसले होते.

"चार्जरवर हिरवा दिवा होता ना?" आजोबांनी विचारलं.

"होता. मी स्वतः बघितला."

"म्हणजे गाडीचं पोट भरलेलं होतं."

"काठोकाठ."

"मग ही बाई बसली का?"

यामिनीने पुन्हा पायाखालची वेगाची पट्टी दाबली. गाडीने म्हाताऱ्या म्हशीसारखा एक सुस्कारा टाकला आणि होती तिथेच राहिली. कोडं होतं खरं. पोट भरलेलं आणि अंगात त्राण नाही.

मागच्या पायरीवर बंडोपंत उभा होता. बंडोपंत हा ग्रामपंचायतीचा यंत्रमानव. चारही गाड्यांची देखभाल त्याच्याकडे होती. तो नम्र होता, कामसू होता आणि कणकेच्या डब्याहून जड काही उचलायची किंवा ढकलायची त्याला सरकारी परवानगी नव्हती.

"गाडीची प्रकृती उत्तम आहे," तो म्हणाला. "तिच्या पथ्यपाण्याकडे मी जातीने लक्ष देतो."

"ते दिसतंच आहे," आजोबा म्हणाले.

ही चाचणी होती. खरी चढण अमावास्येला होती, म्हणजे अगदी तोंडावर. त्या दिवशी संध्याकाळी कंकणाकृती सूर्यग्रहण होणार होतं. अशा ग्रहणात चंद्र सूर्याला पुरता झाकत नाही. मधोमध काळी चकती आणि भोवती उजेडाची बांगडी, असं ते दिसतं. पण आंबेघळ पडलं दरीत. सूर्य दुपार कलताच गरुडटोकामागे जातो. बांगडी बघायची तर टोकावर चढणं भाग होतं.

आजोबा, म्हणजे दिगंबर मोघे, भूगोलाचे मास्तर. दिवा, संत्रं आणि लिंबू घेऊन त्यांनी वर्गात इतक्यांदा ग्रहण लावलं होतं, की अर्ध्या तालुक्याला संत्रं दिसलं की पृथ्वी आठवते. पण खरं कंकण त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं. एकदा ढग आले. एकदा दहावीच्या परीक्षेवर देखरेख आली. एकदा हर्नियाचं ऑपरेशन आलं. आता खुब्याचं हाड बदललेलं, चढ चालणं शक्य नाही. गावातल्या पोरांनी डोली करून नेतो म्हटलं, तर म्हणाले, "ग्रहण बघायला जायचंय मला. खांद्यावरून जायचा दिवस वेगळा."

यामिनीने विचारलं होतं, "आजोबा, पुढचं कंकण इथून कधी दिसेल?"

"तेव्हा तू माझ्या वयाची असशील," ते म्हणाले होते, "आणि मी भिंतीवर असेन. हार घालून."

यामिनीने तेव्हाच ठरवलं होतं, गाडी वर जाणार. आणि आता ती गाडी उलटी घरंगळत, ब्रेक दाबत दाबत, खाली आणावी लागत होती.

खाली गाड्यांच्या शेडच्या दारात कुमुदआजी उभी होती. ही आजोबांची मेहुणी. आयुष्यभर एका मोठ्या प्रयोगशाळेत बॅटऱ्या बनवत होती आणि निवृत्त झाल्यावर "आता फक्त शेवंती लावणार" म्हणून आंबेघळला आली होती. शेवंती लावून झाली होती. ती कंटाळली होती.

"काय भाऊजी, चंद्रावरून लवकर परत आलात."

"कुमुदबाई, टोमणे मागाहून मारा. आधी हिच्या पोटात काय आहे ते बघा."

कुमुदआजीने दोघींसाठी डोळ्यांवरचे जाड चष्मे आणि रबरी हातमोजे काढले. "यात आम्ल असतं. कापडाला लागलं तर भोक पडतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा. मी असल्याशिवाय हात लावायचा नाही."

बैठक उचलली. खाली आठ काळे चौकोनी डबे ओळीने बसले होते, एकाची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला.

"प्रत्येक डब्यात शिशाचे पत्रे आहेत," कुमुदआजी सांगू लागली, "आणि ते पातळ गंधकाम्लात बुडालेले आहेत. गाडी चालते तेव्हा आम्लातला गंधकाचा भाग पत्र्यांवर जाऊन बसतो. पत्र्यांवर पांढरट थर येतो आणि खाली उरतं ते जवळजवळ पाणी. चार्जर लावला, की थर सुटतो, परत आम्लात जातो. भरती-ओहोटी म्हण."

"मग बिघडतं कुठे?"

"ओहोटीत मुक्काम केला तर. साखरेचा पाक बघितलायस ना? गरम आहे तोवर चमच्याने हलवता येतो. तसाच ठेवून गावाला गेलीस तर?"

"चिक्की होते."

"झाली. बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली, की तो मऊ थर कडक होतो. स्फटिक बनतात. मग चार्जरने कितीही गोंजारलं तरी लवकर सुटत नाहीत. पत्र्याचा तेवढा भाग कामातून गेला."

मग तिने घनतामापक (द्राव किती दाट आहे ते सांगणारी काचेची नळी, आत एक तरंगता दांडा) बाहेर काढला. थोडा द्राव ओढला. आम्ल भरपूर असेल तर दांडा उंच तरंगतो, नुसतं पाणी उरलं तर खाली बसतो. दांडा बसला. दुसऱ्या डब्यातही बसला. आठही डब्यांत कमी-जास्त तेच.

"पण हिरवा दिवा होता," यामिनी म्हणाली. कोपऱ्यात शेडची घागर होती. तिच्याकडे बघत ती सावकाश बोलली. "आजी, घागरीत दगड भरून ठेवले, तर पाणी लवकर काठाला येईल. बघणाऱ्याला वाटेल, भरली. आणि ओतायला गेलं की दोन पेल्यांत संपेल."

कुमुदआजीने चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊजी, ही तुमच्यावर गेलेली नाही."

"बंडोपंत," यामिनी वळली, "हिरवा दिवा यायला पूर्वी किती वेळ लागायचा?"

"सबंध रात्र," बंडोपंत अभिमानाने म्हणाला. "हल्ली चहा होईपर्यंत येतो. तब्येत सुधारते आहे."

"बॅटऱ्या रिकाम्या ठेवल्यास का कधी?"

"नेहमी नाही. फक्त एकादशीला."

कुमुदआजीने हातातली नळी खाली ठेवली.

"मला नेमणुकीच्या वेळी सूचना होती," बंडोपंत सांगू लागला, "की गावातल्या थोरांचं पाहून शिकावं. गावातले सगळे थोर म्हणतात, पंधरा दिवसांनी पोटाला विश्रांती दिली की प्रकृती ठणठणीत राहते. म्हणून दशमीच्या रात्री मी चारही गाड्या मैदानावर फिरवून पूर्ण रिकाम्या करतो. एकादशीला निरंकार. द्वादशीला पारणं. एकही एकादशी चुकवलेली नाही."

आजोबांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. काल त्यांनी स्वतः एकादशी केली होती. साबुदाण्याची खिचडी, वर वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि झोपताना राजगिऱ्याचा लाडू.

"अरे बाबा," कुमुदआजी म्हणाली, "आम्ही म्हणतो ते ऐकू नये, आम्ही करतो ते बघावं. एकादशी, दुप्पट खाशी. बॅटरीला अगदी आमच्यासारखा उपवास लागतो. अर्धं पोट रिकामं झालं, की लगेच काहीतरी. वापरून आली की चार्जरला लावायची. तू जो खरा उपवास केलास, तो या गावात आजवर कुणी केलेला नाही."

"मी अपराधी आहे," बंडोपंत म्हणाला आणि त्याच्या छातीवरचा दिवा मंद झाला.

"अपराधी नाहीस. भाविक आहेस. त्याला औषध मिळणं जास्त अवघड."

आता तीन मतं पुढे आली. आजोबा म्हणाले, शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावू, ती चांगली दणकट आहे. कुमुदआजीने मान हलवली. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं काम एवढंच, की इंजिनला एक जोराचा धक्का द्यायचा आणि बाजूला व्हायचं. त्यासाठी तिचे पत्रे पातळ आणि पुष्कळ असतात. कबड्डीतला चढाईपटू म्हणा. त्याला पाठीवर पोतं देऊन गड चढायला लावलं तर तो पायथ्यालाच बसेल. गाडीला हवी ती जाड पत्र्यांची, दमाने ओढणारी, हमाली बॅटरी.

यामिनी म्हणाली, नव्या जातीच्या हलक्या बॅटऱ्या मागवू. त्यावर कुमुदआजी म्हणाली, मागवूच, पण त्यांच्याबरोबर वेगळा चार्जर लागतो, आणि टपालाचा ड्रोन एवढं वजन घेऊन अमावास्येच्या आत काही येत नाही.

उरलं तिसरं. पंचायतीच्या कपाटात जाड पत्र्यांची एक कोरी बॅटरी होती. "ती एक घालू," यामिनी म्हणाली, "सात जुन्या, एक नवी."

"देवळाची टाकी भरताना आपण हातोहात कळशा देतो ना? रांगेत सात थकलेले आहेत आणि आठवा पैलवान. टाकी लवकर भरेल?" कुमुदआजीने विचारलं.

"नाही. कळशी थकलेल्याच्या वेगानेच जाणार."

"या डब्यांची तशीच रांग आहे. याला एकसर जोडणी म्हणतात. जेवढा प्रवाह एकातून, तेवढाच सगळ्यांतून. एक जरी बसला, की रांग थांबली. आणि पैलवानही त्यांच्या संगतीने लवकर म्हातारा होतो. म्हणून बदलायच्या तर आठही एकदम बदलाव्यात."

"मग चारही गाड्यांमधल्या मिळून चांगल्या आठ निवडल्या तर?"

"आता बोललीस. पण पहिल्या नंबराकडे बघू नकोस. तुझ्या निवडीत आठवा नंबर कोण, ते बघ. गाडी त्याच्या जिवावर चढणार आहे."

दिवसभर दोघी नळी घेऊन शेडमध्ये फिरल्या. बंडोपंतने उपवास अगदी समान वाटले होते, पण शरीरं सारखी नव्हती. कुणी कसेबसे तगले होते, कुणी पार गेले होते. आठ निवडून जोडल्या. मग कुमुदआजीने चार्जर हळू चालीवर ठेवला. भरून झाल्यावरही तो मंद प्रवाह पुढे चालू ठेवायचा, म्हणजे कडक झालेले स्फटिक थोडेथोडे सुटतात आणि आठही डबे एका पातळीवर येतात. याला समतोल चार्जिंग म्हणतात. त्यात पाणी फुटून हायड्रोजन वायू निघतो, तो चटकन पेटतो. म्हणून दारं-खिडक्या सताड उघड्या आणि जवळ ठिणगीसुद्धा नाही. मधूनमधून थांबून पाण्याची पातळी बघायची आणि उणीव भरायची ती ऊर्ध्वपातित पाण्याने (वाफ करून पुन्हा थंड केलेलं, ज्यात क्षार उरत नाहीत).

"विहिरीचं पाणी गोड आहे," बंडोपंतने सुचवलं.

"ते तुझ्या-माझ्यासाठी."

"मी पाणी पीत नाही."

"मग माझ्यासाठी."

चतुर्दशीच्या संध्याकाळी दांडा थोडा वर आला होता. फार नाही, पण आला होता. यामिनीने आठवा डबा दोनदा तपासला. रात्रभर आणि सकाळभर चार्जर चालला, की गाडी वरपर्यंत जाईल, असा कुमुदआजीचा हिशेब होता.

अमावास्येला यामिनी उठली तीच शेडकडे धावली. चार्जर बंद होता. प्लग काढून, गुंडाळून, खुंटीला टांगलेला. आठही बॅटऱ्यांवर एकेक तुळशीचं पान. बंडोपंत हातात उदबत्ती घेऊन काडी ओढायच्या बेतात.

"काडी खाली ठेव," यामिनी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता, की तिचं तिलाच नवल वाटलं. "तशीच खाली ठेव आणि बाहेर ये."

बंडोपंत बाहेर आला. "पहाटे वेध लागले," त्याने सांगितलं. "ग्रहणाआधी अन्न वर्ज्य. एकादशीला माझं चुकलं, ते मला मान्य आहे. पण वेधांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं."

गलका ऐकून आजोबा काठी टेकत आले, मागे कुमुदआजी. आजोबांनी तुळशीची पानं बघितली, टांगलेला प्लग बघितला आणि एका वाक्यात समारोप केला. "एकादशीच्या घरी शिवरात्र." मग यामिनीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे, बाळ. संत्रं आहे घरात."

ते संत्र्याचं ऐकून यामिनीला रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. प्लग परत लावला तर बंडोपंत पुन्हा काढणार, कारण तो नियमाचा माणूस, म्हणजे यंत्र. नियमाशी नियमानेच भांडायला हवं.

"बंडोपंत, वेध सगळ्यांना लागतात?"

"नाही. बालक, वृद्ध आणि आजारी यांना सूट आहे."

"या बॅटऱ्या आजारी आहेत की नाहीत?"

बंडोपंतचा दिवा लुकलुकला. बराच वेळ लुकलुकला. "आहेत," तो म्हणाला. "शिवाय वृद्धही आहेत." आणि त्याने स्वतःच्या हाताने प्लग लावला. तुळशीची पानं उचलून त्याने कुमुदआजीच्या शेवंतीखाली ठेवली.

पण पहाटेपासूनचा वेळ वाया गेला तो गेलाच. निघायची वेळ झाली तेव्हा कुमुदआजीने नळी बघितली आणि ओठ आवळले. "भरल्या आहेत, पण मनासारख्या नाहीत. गाडीत फक्त भाऊजी आणि चालवायला यामिनी. मी चालत येईन. बंडोपंतही चालेल. आणि यामिनी, गोगलगाईसारखी जा. जोराने ओढलं की बॅटरी लवकर दमते. तेवढीच चढण सावकाश चढली, की जास्त पुरते."

गाडी निघाली. मैदान मागे पडलं, शेळ्या मागे पडल्या, द्वादशीला जिथे गाडी बसली होती ते वळण आलं आणि गेलं. यामिनीला ओरडावंसं वाटलं. तिने ओरडायचं टाळलं, न जाणो त्यालाही वीज लागत असेल. आजोबा ग्रहणाचा काळा चष्मा हातात धरून बसले होते, परीक्षेला निघालेल्या मुलासारखे.

खिंडीतून ऊन येत होतं तिथे झाडांखालच्या कवडशांचे आकार बदलले. एरवी गोल असतात, आता कडेने चावलेल्या भाकरीसारखे झाले. ग्रहण लागलं होतं. उजेड पातळ झाला. पाखरं घरट्याकडे वळली. आणि टोकाखालच्या शेवटच्या वळणावर गाडीने सुस्कारा टाकला आणि थांबली.

वर टोक दिसत होतं. सूर्य मात्र कड्याच्या मागे.

यामिनीने पट्टी दाबली. काहीच नाही. ती पुन्हा दाबणार, तोच मागून कुमुदआजी धापा टाकत आली. "पाय काढ. पूर्ण काढ. आता काहीही करायचं नाही."

"आजी, बांगडी होईल आत्ता."

"ऐक. पंगतीत तुझ्या पानातला भात संपला म्हणजे भात संपला असं नाही. वाढपी त्या टोकाला आहे. पत्र्यांजवळचं आम्ल वापरून झालं, पण लांबचं अजून शिल्लक आहे. ते सरकत पत्र्यांपाशी यायला वेळ लागतो. त्याला येऊ दे."

वर सूर्य चंद्रामागे चालला होता आणि खाली चौघं काहीही न करता बसले होते. याहून अवघड काम यामिनीने आजवर केलं नव्हतं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आजोबा म्हणाले, "वर्गात मी पोरांना सांगायचो, गप्प बसणं हाही प्रयोगच असतो. मला स्वतःला ते आज पटतंय." उजेड राखेसारखा झाला. वारा थंड लागू लागला.

"आता," कुमुदआजी म्हणाली. "पिसासारखा पाय."

यामिनीने पट्टीला पाय नुसता टेकवला. गाडी हलली. एक हात, दोन हात. वळण संपलं. कडा बाजूला झाला आणि गाडी गरुडटोकाच्या सपाटीवर येऊन, जणू ठरवूनच, तिथे बसली.

"चष्मा," यामिनी म्हणाली. सगळ्यांनी चष्मे लावले.

पश्चिमेला, डोंगरांच्या रांगेवर, चंद्राची काळी चकती सूर्याच्या आत सरकत होती. दोन्ही बाजूंनी उजेडाची टोकं एकमेकांकडे धावली, चिकटली, आणि बांगडी पुरी झाली. कुठे सांधा नाही, कुठे डाग नाही.

आजोबांची काठी घसरून पडली तीही त्यांना कळली नाही. बांगडी एका बाजूने तुटल्यावरच त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "संत्र्यापेक्षा बरं दिसतं."

उतरताना सूर्य अर्धाच राहिला होता. गाडीला आता ओढायचं नव्हतं. उलट चाकंच मोटारला फिरवत होती, आणि फिरणारी मोटार वीज तयार करून बॅटऱ्यांना थोडीथोडी परत देत होती. बंडोपंतला हे सांगितलं तेव्हा तो चालता चालता थांबला.

"म्हणजे ग्रहण सुटता सुटता ती जेवते आहे," तो म्हणाला. "गाडीला शास्त्र कळतं."

"कळतं बाबा," कुमुदआजी म्हणाली. "पण तिची ही शेवटचीच चढण. नव्या बॅटऱ्या आल्या, की जुन्यांचं शिसं वितळवून कारखान्यात पुन्हा वापरतील. नव्या सोडियमच्या आहेत. सोडियम म्हणजे मिठात असतो तो. पाणी घालायला नको, वजनाला हलक्या, आणि त्यांचा एक गुण तुझ्यासाठीच आहे. रिकाम्या ठेवल्या तरी त्यांच्या पोटात चिक्की होत नाही."

गाव दिसू लागलं तेव्हा बंडोपंतने विचारलं, "मीठ साधं आहे की सैंधव?"

"रसायनशास्त्राला दोन्ही एकच. का रे?"

"सैंधव उपवासाला चालतं."

आजोबा इतके हसले, की यामिनीला गाडी थांबवावी लागली. मग ती पुन्हा सुरू करताना तिने मागे वळून गरुडटोकाकडे बघितलं. पुढचं कंकण येईल तेव्हा ती आजोबांच्या वयाची असेल, गाडी कशावर चालत असेल कोण जाणे, हवेवर किंवा उजेडावर. कुणीतरी पोरगी ती चालवत असेल आणि शेवटच्या वळणावर घाई करेल.

तिला काय सांगायचं, ते यामिनीला आता माहीत होतं.